बिनऔषधाचा पिंजरा

कोणी माझ्या नोकरीविषयी विचारले की, “मुंबईला एका मोठ्या प्रयोगशाळेत होतो,” एवढे सांगून मी विषय बदलतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पांढरा डगला, काचेच्या नळ्या, सूक्ष्मदर्शक असे काहीतरी उभे राहते आणि माझी पत थोडी वाढते. ती वाढत असेल तर वाढू द्यावी, असा माझा आजवरचा रिवाज. खरी गोष्ट अशी की, मी छत्तीस वर्षे उंदीर सांभाळले. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला जनावरांचे घर होते, तिथे माझा मुक्काम. पांढरे, तांबड्या डोळ्यांचे उंदीर वाढवायचे, त्यांना हिवताप आणायचा, काहींना औषध पाजायचे, काहींना पाजायचे नाही, आणि जे उरतील त्यांना शेवटी ईथरच्या बरणीत सोडायचे. एवढे सगळे चहाच्या पेल्याबरोबर पाहुण्याला सांगता येत नाही. आईलाही मी ते सहा वर्षे सांगितले नव्हते.

माझे गाव औंढे. लोणावळ्याच्या शेजारचे, मावळातले भाताचे गाव. मुंबईचे लोक लोणावळ्याला पाऊस पाहायला येतात; आम्हांला तो पाहायला जावे लागत नाही, तो आमच्या चुलीपर्यंत येतो. आषाढ-श्रावणात लोहगड आणि विसापूर दिवसचे दिवस ढगांतून बाहेर येत नाहीत. त्या झोडपणाऱ्या पावसात डासांचे काही चालत नाही, त्यांची अंडी-पिल्ले वाहून जातात. भादव्यात पाऊस ओसरतो, खाचरांत आणि ओढ्याकाठच्या डबक्यांत नितळ पाणी संथ उभे राहते, भात पोटरीला येते आणि त्याच सुमारास हिवताप येतो. थोरल्यांच्या बोलण्यात पिकाचे आणि तापाचे पंचांग एकच असे. आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी घरटी एखादे तरी पाणथरी वाढलेले पोर असायचे, हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा. त्यांच्या तोंडी औषधाचे नाव एकच, कोयनेल. क्विनीन म्हटलेले मी प्रथम मुंबईत ऐकले.

मध्ये एक काळ असा आला की लोक हा रोग विसरले. 1953 साली देशात हिवतापाविरुद्धची मोहीम सुरू झाली, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले, आणि 1965 च्या सुमारास साऱ्या देशातले वर्षाचे रोगी लाखाच्या आसपास उतरले. रोग गेला म्हणून माणसे सैलावली. डास मात्र सैलावले नाहीत. 1976 साली तोच आकडा 64 लाखांवर गेला. त्या 64 लाखांत माझा धाकटा भाऊ धरला होता की नाही कोण जाणे, कारण त्याच्या रक्ताची काच कोणी घेतलीच नव्हती.

तो चौदा वर्षांचा होता. पितृपंधरवड्यात एक दिवस तो खाचरातून दुपारीच परत आला आणि कांबळे पांघरून चुलीपाशी बसला. थंडी अशी की दात वाजत होते. आईने किराईताचा काढा दिला, रात्री हळद घालून दूध दिले. दुसऱ्या दिवशी पोर खडखडीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोळ्या वाटणारा माणूस त्या महिन्यात आमच्या वस्तीकडे फिरकलाच नाही. तापाचा माणूस दर दोन-तीन घरांत होता, त्यामुळे कोणी फारसे घाबरलेही नाही. सहाव्या रात्री तो बरळू लागला, मग झटके आले. आम्ही चौघांनी त्याला बाजेवर घातले आणि लोणावळ्याची वाट धरली. गावातले दिवे दिसू लागले तेव्हा बाज हलकी झाल्यासारखी वाटली. ती हलकी झाली नव्हती. आत धडपड थांबली होती.

पुढच्या वर्षी एका नातेवाइकाच्या ओळखीने मला मुंबईत चिकटवले गेले. मला वाटले होते, शिपायाचे काम असेल. जनावरांच्या घरात पाठवले तेव्हा वाईट वाटले, पण शेतकऱ्याच्या पोराला जनावरांचे वावडे नसते. कोणता रोग आणि कसले प्रयोग, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. आमच्या खात्यातले थोरले डॉक्टर बोलके होते. त्यांनी एका मेलेल्या उंदराचे पोट उघडून मला त्याची पाणथरी दाखवली. उंदराच्या मानाने ती भलतीच मोठी आणि पाटीसारखी काळी पडली होती. “ही तुमच्या गावच्या पोरांत हाताला लागते ना, तीच,” ते म्हणाले. त्यांना माझ्या भावाचे ठाऊक नव्हते. मी मान हलवली आणि भुसा बदलायला निघून गेलो.

तो जंतू मूळचा आपल्याकडचा नाही. 1948 साली बेल्जियन काँगोच्या कटांगा प्रांतात व्हिन्के आणि लिप्स या दोघांना तो तिथल्या रानउंदरांत सापडला. त्याला बर्घी असे नाव पडले. त्याच्या घरच्या रानउंदराला तो फारसा छळत नाही. बहुधा दोघांचा जुना शेजार. पांढऱ्या उंदराला मात्र तो आठवडा-दहा दिवसांत मारतो. माणसाला तो बाधत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त हाताळत असू. एका उंदराचे रक्त घ्यायचे, पातळ करायचे, दुसऱ्याच्या पोटात टोचायचे. दोन तासांनी औषधाचा पहिला डोस, मग रोज एक, असे चार. पाचव्या दिवशी शेपटीच्या टोकाचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून, शंभरातल्या किती रक्तपेशींत जंतू शिरला ते मोजायचे. पाच उंदीर या औषधाचे, पाच त्या औषधाचे, पाच क्लोरोक्विनचे, आणि पाच नुसत्या पाण्याचे. शेवटच्या पाचांच्या पिंजऱ्याला जे काही लांबलचक इंग्रजी नाव होते ते आमच्यात कोणी घेत नसे. आम्ही त्याला बिनऔषधाचा पिंजरा म्हणत असू.

एकदा थोरल्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बसवले. जंतू तांबड्या पेशीत शिरून तिथले रक्तद्रव्य खातो. खातो खरा, पण त्यातला लोहाचा भाग त्याला विषासारखा बाधतो. म्हणून तो त्याचे बारीक तपकिरी-काळे खडे करून बाजूला रचून ठेवतो. पाणथरी काळी पडते ती या खड्यांनी. क्लोरोक्विन दिलेल्या उंदराच्या रक्तात ते विखुरलेले खडे गोळा होऊन एक ढेकूळ झालेले दिसले. 1967 साली वॉरहर्स्ट आणि हॉकली यांनी बर्घीच्या जंतूवर क्लोरोक्विनचा हल्ला कसा चालतो त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि पुढे वर्षानुवर्षे काम होऊन असे उमगले की हे औषध जंतूला विषाचे खडे करू देत नाही. घरातला कचरा घरातच कुजतो आणि घरमालक मरतो. औषधाने रोग बरा होतो एवढे आजोबांनाही ठाऊक होते; तो का बरा होतो हे मी त्या दिवशी एका उंदराच्या रक्ताच्या थेंबात पाहिले. मला बराच वेळ उठावेसे वाटले नाही. चार गोळ्या वेळेवर पडल्या असत्या तर माझ्या भावाच्या रक्तातही असेच काही घडले असते, हा विचार मनात आला आणि मी काच बाजूला केली.

जनावरांवाचून हे कळले नसते का, असे मी पुष्कळ वेळा डॉक्टरांना विचारले. ते चिडत नसत. ते रॉसची गोष्ट सांगत. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस 20 ऑगस्ट 1897 रोजी हुसेनखान नावाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. या हुसेनखानाला दर डासामागे एक आणा मिळे; एवढ्या स्वस्तात एवढे मोठे ज्ञान पुन्हा कोणाला मिळाले नसेल. पण जंतू डासाच्या पोटातून पुढे जातो कुठे, हे राहिले. दुसऱ्या वर्षी रॉस कलकत्त्यास गेला, तर प्लेगच्या धास्तीने लोक बोट टोचून घ्यायला तयार होईनात. तेव्हा त्याने चिमण्या धरल्या. पक्ष्यांनाही त्यांचा हिवताप असतो. डासाने आजारी चिमणीचे रक्त प्यायचे, मग निरोगी चिमणीला चावायचे. आणि जुलै 1898 मध्ये त्याला जंतू डासाच्या लाळेच्या पिंडात सापडला. रोग डासाच्या चाव्यातून येतो, हे शेवटी चिमण्यांनी सिद्ध केले. पुढे जर्मनीत र्‍योल नावाच्या गृहस्थाने कॅनरी पक्ष्यांच्या घशातून बारीक नळीने औषधे पाजून पाहिली, आणि 1926 च्या सुमारास प्रयोगशाळेत घडवलेले पहिले हिवतापाचे औषध, प्लाझ्मोक्विन, बाहेर आले. पक्ष्यांना मानवणारे ते औषध माणसांना मात्र जड गेले. कित्येकांचे रक्त त्याने बिघडले. पक्षी म्हणजे माणूस नव्हे, हेही त्यात कळले.

पण मला सर्वांत पटली ती पॅल्युड्रिनची हकीकत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडात हे औषध कोंबडीच्या पिलांवर पारखून काढले. गंमत अशी की, काचेच्या भांड्यात ठेवलेल्या जंतूवर ते ओतले तर जंतूला काही होत नसे. तेच कोंबडीच्या पिलाला पाजले तर जंतू मरे. काचेवर विश्वास ठेवला असता तर औषध कचऱ्यात गेले असते. 1951 मध्ये उलगडा झाला. औषध पोटातून यकृतात जाते, तिथे त्याचे रूप पालटते, आणि ते पालटलेले रूप जंतूची वाढ रोखते. तांदूळ चुलीवर चढल्यावाचून भात होत नाही, तशी काही औषधे शरीराच्या चुलीवर चढल्यावाचून औषधे होत नाहीत. अशी चूल काचेच्या भांड्यात कशी मांडणार? माझा भाऊ गेला त्याच 1976 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर आणि जेन्सन यांनी माणसाचा मारक जंतू काचेत कायम जगवण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे पुढे कितीतरी हजार उंदीर वाचले असतील. पण चुलीचे काम राहिलेच, आणि माझी नोकरीही.

एक गोष्ट मात्र मला मजेची वाटे. आमच्याकडे डासांची निराळी खोली होती. त्या जातीला स्टिफेन्सी म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांत उंदरांचा हिवताप डासावाटे फिरवायचा असला की बहुधा हाच डास पाळतात. त्याचे पहिले वर्णन 1901 साली लिस्टन नावाच्या डॉक्टरने एलिचपुरास केले, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या अचलपुरास. वऱ्हाडचा डास, आफ्रिकेचा जंतू, विलायती वंशाचा पांढरा उंदीर आणि त्यांची देखभाल करणारा मी मावळचा. असा तो संसार होता.

1983 च्या मार्गशीर्षात आई डोळे दाखवायला मुंबईस आली. लालबागच्या आमच्या खोलीत चार दिवस राहिली. नवा चष्मा लागल्यावर तिला सगळेच पाहायचे होते. राणीचा बाग पाहिला, महालक्ष्मी पाहिली, मग म्हणाली, “आता तुझं हापिस दाव.” रविवारी मला खाऊ-पाणी घालायला जावे लागेच. टाळण्याचे सगळे बहाणे संपले तेव्हा मी तिला बरोबर नेले.

आई माळकरी. मुंगी पायाखाली आली तरी पांडुरंगाचे नाव घेणारी. पण ती भोळी नव्हती. आमच्याकडे कणगीला लागलेले उंदीर वडील बिळांत पाणी ओतून काढत आणि मारत, ते तिने जन्मभर पाहिले होते. त्यामुळे ती किंचाळेल किंवा रडेल असे मला वाटले नव्हते. पण ती एका पिंजऱ्यापुढून दुसऱ्यापुढे अशी सावकाश जाऊ लागली की मला घाम फुटला. उंदरांच्या अंगांवर ओळखीसाठी आम्ही पिक्रिक आम्लाचे पिवळे ठिपके लावत असू, कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या पाठीवर. ते पाहून ती म्हणाली, “हळद लावलीया व्हय ह्यांना?”

मी हो म्हटले. सोपे उत्तर होते.

मग ती त्या शेवटच्या पिंजऱ्यापुढे थांबली. पाचवा का सहावा दिवस होता. पाचही उंदीर केस पिंजारून एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर रचून बसले होते. ताप आलेला उंदीर असाच बसतो, पाठीची कमान करून, डोळे अर्धवट मिटून. शेजारच्या पिंजऱ्यात औषधाचे पाच जण भुश्यात खेळत होते. आईने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले.

“ह्यांना काय झालंय?”

“थंडीताप आहे, आई.”

“आन् त्यांना?”

“त्यांनाही तोच. त्यांना औषध देतो.”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, “मग ह्यांना का न्हाई देत रं?”

डॉक्टरांनी मला जे शिकवले होते ते सगळे माझ्या जिभेवर होते. हे पाच मेले नाहीत तर ते पाच औषधाने जगले की आपसूक जगले ते कळणार कसे? औषधाची सारी किंमत या दोन पिंजऱ्यांमधल्या फरकात आहे. हा पिंजरा काढून टाकला तर दुसऱ्या पिंजऱ्यालाही अर्थ उरत नाही. हे मी आज लिहितो आहे तितक्याच स्वच्छपणे तेव्हाही जाणत होतो. पण तिच्या डोळ्यांपुढे काय होते ते मला दिसत होते: आमची चूल, कांबळे, आणि गोळ्या न आलेला तो महिना. मी म्हणालो, “यांच्यामुळे माणसांची पोरे वाचतात.”

“वाचूंदेत,” ती म्हणाली. “वाचायलाच पाहिजेत. कणगीतला उंदीर मारला तर त्यो चोर असतो, आपल्या तोंडचं खातो. ह्यो तर तू पोसल्याला. हातानं खायला घातल्याला.” आणि पुन्हा त्या पाचांकडे वळून तिने पदर सारखा केला, कोणा आजाऱ्याला भेटून निघताना करतात तसा.

परत येताना ट्रामचा रस्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या जुन्या हमरस्त्यावर आम्ही दोघे चालत होतो. ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. नोकरी सोड, असेही म्हणाली नाही. मी मात्र त्यानंतर एक केले: बिनऔषधाच्या पिंजऱ्यातले उंदीर आपणहून मरेपर्यंत ताटकळत ठेवायचे नाहीत, आकडे मिळाले की लवकर सोडवायचे, असे डॉक्टरांना विनवू लागलो. त्यांनी ते पुष्कळदा मानले. 1998 साली सरकारचे नियम आले, समित्या आल्या, किती जनावरे आणि कशासाठी याचा कागद मागू लागल्या. तो कागद फार आधी यायला हवा होता, असे माझे मत आहे. काही तरुण डॉक्टर त्यावर कुरकुरत. मी कुरकुरलो नाही.

औषधे येत राहिली. क्लोरोक्विनला माणसातला मारक जंतू दाद देईनासा झाला, तेव्हा चीनमधून आर्टेमिसिनिन आले. तिथल्या तू यूयू या बाईंनी जुन्या वैद्यकाच्या पोथीतली वनस्पती उकळण्याऐवजी ईथरमध्ये काढली, आणि ऑक्टोबर 1971 मध्ये त्यांचा 191 व्या क्रमांकाचा अर्क बर्घीच्या उंदरांवर पुरेपूर लागू पडला. माणसांना देण्याआधी तो त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. त्यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मी निवृत्त होऊन औंढ्याला आलो होतो. वर्तमानपत्र वाचताना माझ्या मनात आधी ईथरच आला. आमच्या बरणीतला आणि त्यांच्या अर्कातला.

एकदा माझी मोठी चूक झाली. 2005 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हळदीतले पिवळे द्रव्य पाजल्यावर बर्घीच्या उंदरांच्या रक्तातले जंतू 80 ते 90 टक्के घटतात. दुसऱ्या वर्षी आर्टेमिसिनिनच्या जोडीनेही त्यांनी ते वापरून पाहिले. आमच्या घरात त्या बातमीने उत्साह आला आणि मी दिवाळीला गावी गेल्यावर तो आईपुढे ओतला. ती सत्तरी ओलांडलेली, ओसरीत पणत्यांच्या वाती वळत बसलेली. वात बोटांत तशीच राहिली. “हळद तर म्या घातलीच व्हती की,” ती म्हणाली. “दोन बारा घातली व्हती.”

मग मी घाईघाईने सांगू लागलो की उंदरांना दिली ती निव्वळ सत्त्वाची मात्रा, दुधातली चिमूट त्यापुढे काहीच नाही; माणसाच्या आतड्यातून ते द्रव्य रक्तात फारसे उतरतही नाही; उंदराला लागू पडले ते माणसाला पडेलच असे नसते. सगळे खरे होते. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “म्हंजे माझं चुकलं न्हाई.” मी म्हणालो, “नाही, आई.” तिने पुढची वात घेतली. एकोणतीस वर्षे तिच्या मनात हे होते, आणि मला ते ठाऊकच नव्हते.

पोह्यांचे सांगायचे राहिले. ती मुंबईहून परत गेली त्याच्या पुढच्या दिवाळीपासून ते सुरू झाले. आमच्याकडे हळवे भात दिवाळीला हाती येते, त्याचे पोहे कांडतात. मी सुट्टी संपवून निघालो की माझ्या पिशवीत घरचे पोहे असत, आणि त्यावर एक निराळी, फडक्याची, मूठभराची पुरचुंडी. “त्या दुसऱ्या पिंजऱ्याला घाल,” ती म्हणे. बाहेरचा दाणा प्रयोगातल्या उंदराला घालायची मुळीच परवानगी नव्हती. तसे केले तर सगळे आकडे नासावे, आणि ज्या कामासाठी ते मरत होते तेच फुकट जावे. तिला हे सांगणे मला जमले नाही. लोणावळ्याला गाडीत बसलो की कर्जत येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत असे, आणि मग पुरचुंडी सोडून ते पोहे मूठमूठ तसेच कोरडे खात असे. चांगले गोड असत.

असे पंचवीस वर्षे चालले, 2009 साली ती गेली तोवर. दर वेळी संक्रांतीला मी गावी आलो की ती विचारी, “पोहे खाल्ले का रं?”

मी म्हणे, “खाल्ले.”

कोणी, ते तिने कधी विचारले नाही.